गुरुत्वीय लहरींच्या जोडीने येणारे गॅमा किरण: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, कागल, गारगोटी, इचलकरंजी, कुठेही महाविद्यालयात गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशकालात उठणाऱ्या तरंगांवर, बोलायला गेलं की व्याख्यान संपल्यावर खरी गंमत सुरू होते. मुलं थांबतात, प्राध्यापक थांबतात, आणि काही प्रश्न हमखास येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण "दोन वेगवेगळ्या उपकरणांना एकच घटना दिसली" हे वाक्य म्हणायला सोपं असलं तरी ते सिद्ध करणं फार अवघड असतं, आणि या विषयातलं सगळ्यात सुंदर कामही तेच आहे.

गुरुत्वीय लहर सापडली, मग गॅमा किरणांच्या मागे कशाला लागायचं?

कारण लहर अर्धीच हकीकत सांगते. दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळले, त्यांची वस्तुमानं अंदाजे एवढी, अंतर अंदाजे एवढं, हे लहरीवरून कळतं. पण त्या टकरीत पदार्थाचं काय झालं, काही बाहेर फेकलं गेलं का, मागे न्यूट्रॉन तारा (मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघन गाभा असतो तसा) उरला की कृष्णविवर, हे तिच्यावरून क्वचितच कळतं. दिशाही धूसर असते. लहरी टिपणारे दोनच शोधक चालू असतील तर आकाशाचा शेकडो चौरस अंशांचा पट्टा हाती येतो.

गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचंच अतिशय जास्त ऊर्जेचं रूप, थेट पदार्थाकडून येतात. टकरीनंतर काही क्षणांत पदार्थ प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाऊन झोताच्या रूपात बाहेर पडला, तर गॅमा किरणांची चमक उठते. ती सेकंद-दोन सेकंदच टिकते. दृश्य प्रकाश काही दिवस राहतो, रेडिओ लहरी महिनोन्‌महिने राहतात. गॅमा किरणांचं तसं नाही. त्या दोन सेकंदांत आकाशाच्या त्या भागाकडे कुणाचं लक्ष नसेल, तर ती नोंद कायमची गेली.

प्रत्येक टकरीतून गॅमा किरण निघतात का?

नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना चमकायला भोवती पदार्थच नसतो, निदान नेहमीच्या समजुतीनुसार. आतापर्यंत सापडलेल्या बहुतेक घटना याच प्रकारच्या आहेत. दोन न्यूट्रॉन तारे आदळले तर गॅमा किरणांची खरी आशा. एक कृष्णविवर आणि एक न्यूट्रॉन तारा असेल, तर ताऱ्याच्या चिंधड्या बाहेर उडतात की कृष्णविवर त्याला अख्खाच गिळतं, यावर सगळं ठरतं. कृष्णविवर हलकं आणि जोरात स्वतःभोवती फिरणारं असेल तर चिंधड्या उडण्याची शक्यता जास्त.

१७ ऑगस्ट २०१७ चं नाव सगळे घेतात. त्या दिवशी नेमकं काय झालं?

आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं ४ सेकंद झाले होते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या शोधकांमध्ये सुमारे १०० सेकंद चाललेली एक लहर त्या क्षणी टिपेला जाऊन थांबली. दोन न्यूट्रॉन तारे आदळले होते. त्यानंतर १.७४ सेकंदांनी नासाच्या फर्मी उपग्रहावरच्या गॅमा किरण स्फोट मॉनिटरला सुमारे दोन सेकंदांचा एक क्षीण स्फोट दिसला. फर्मीची सूचना आपोआप जगभर गेली, आणि तीही १४ सेकंदांत. म्हणजे जगाला आधी कळलं ते गॅमा किरणांचं. लहरीची स्वयंचलित नोंद काही मिनिटांनी झाली, आणि तीसुद्धा फक्त हॅनफर्डच्या विदेवरून (म्हणजे नोंदवलेल्या माहितीवरून), कारण लिव्हिंग्स्टनमध्ये टकरीच्या सुमारे एक सेकंद आधी उपकरणाचा एक मोठा खडखडाट लहरीवर येऊन बसला होता. माणसांनी विदा उघडून पाहिली, तेव्हा त्या खडखडाटाखाली लहर स्वच्छ दिसत होती.

इटलीतल्या व्हर्गो शोधकाला ती जवळजवळ जाणवलीच नाही, आणि त्याचाच उपयोग झाला. प्रत्येक शोधकाच्या आकाशात काही आंधळ्या जागा असतात. व्हर्गो चालू असूनही त्याला काही जाणवत नाही, याचा अर्थ घटना त्याच्या आंधळ्या जागेजवळ घडलेली असणार. त्यामुळे शोधायचं क्षेत्र २८ चौरस अंशांवर आलं. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहानेही तोच स्फोट नोंदवला होता. टकरीनंतर सुमारे ११ तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत एक नवा प्रकाशबिंदू सापडला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं.

कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट यात आहे. त्या क्षणाची गणितं मांडली की दिसतं, एनजीसी ४९९३ तेव्हा आपल्या नैर्ऋत्य आकाशात क्षितिजापासून जवळपास ३९ अंशांवर होती. म्हणजे ते गॅमा किरण रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या डोक्यावरच्या वातावरणावरही पडले. सूर्य मावळायचा होता, श्रावण चालू होता, आणि कुठे पाहायचं हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं.

गॅमा किरण पावणेदोन सेकंद उशिरा आले. म्हणजे प्रकाश मागे पडला का?

हा प्रश्न बारावीच्या मुलांकडून जितका नेमका येतो तितका मोठ्यांकडून येत नाही. मला हा प्रश्न अतिशय आवडतो.

दोन्ही संकेत एकाच वाटेने १३ कोटी वर्षं चालत आले. १३ कोटी वर्षांचे सेकंद केले तर ४ वर १५ शून्यं एवढा आकडा येतो. एवढ्या प्रवासात फरक पावणेदोन सेकंदांचा. सगळा उशीर वाटेतलाच मानला, तरी गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश यांच्या वेगांतला फरक १ वर १५ शून्यं इतक्या भागांत फार तर काही भाग निघतो. गुरुत्वाकर्षणाचे कितीतरी पर्यायी सिद्धांत, ज्यांत या दोन वेगांत फरक अपेक्षित होता, त्या एका संध्याकाळी मोडीत निघाले. अनेकांनी त्यांवर वर्षानुवर्षं मेहनत केली होती.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा उशीर वाटेतला नसून निघतानाचाच आहे. आदळल्यावर तयार झालेला जडशीळ न्यूट्रॉन तारा काही काळ तग धरून मग कोसळला असेल. झोताला टकरीत उडालेल्या पदार्थातून वाट फोडायला वेळ लागला असेल. आणि बाहेर आल्यावरही गॅमा किरण सुटे होण्याइतका तो विरळ व्हायला थोडं अंतर जावं लागलं असेल. यातल्या कशाचा वाटा किती, हे एका घटनेवरून ठरत नाही. अशा दहा-बारा घटना मिळाल्या आणि प्रत्येक वेळी उशीर वेगळा निघाला, तर ठरेल.

दोन्ही संकेत एकाच घटनेचे, हे कशावरून? योगायोग असू शकतो की!

असू शकतो, आणि हा विचार सगळ्यात आधी करायचा असतो. हिशेब अवघड नाही, वहीवर करता येतो.

फर्मीला वर्षाकाठी साधारण २४० गॅमा स्फोट सापडतात. त्यांतले सुमारे ४० अल्पकालीन, म्हणजे दोन सेकंदांच्या आतले. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. लहरीच्या आधी पावणेदोन आणि नंतर पावणेदोन, अशी साडेतीन सेकंदांची खिडकी घेऊ. तिच्यात निव्वळ योगायोगाने अल्पकालीन स्फोट येण्याची शक्यता म्हणजे ४० गुणिले साडेतीन भागिले ३ कोटी १५ लाख. उत्तर येतं सव्वादोन लाखांत एक. ही फक्त वेळेची गोष्ट झाली. दोन्ही दिशाही जुळत होत्या. तो भाग धरून शास्त्रज्ञांनी काढलेली शक्यता सुमारे २ कोटींत एक अशी आली. त्यानंतर शंका घ्यायला जागा उरत नाही.

आता कठीण भाग. स्फोट इतका क्षीण असेल की उपग्रहाने स्वतःहून सूचनाच दिली नाही, तर काय करायचं? तेव्हा लहरीच्या वेळेभोवतीची विदा मागाहून बारकाईने चाळावी लागते. फर्मीचा गट लहरीच्या आगेमागे ३० सेकंद पाहतो. त्या अवधीत ६४ मिलिसेकंदांपासून सुमारे ८ सेकंदांपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात १४ शोधकांची मोजणी एकत्र धरून, मऊ, मध्यम आणि कठीण (म्हणजे कमी ते जास्त ऊर्जेच्या) अशा तीन प्रकारच्या वर्णपटांशी ताडून पाहतो. अवकाशात पार्श्वभूमीची मोजणी सतत वरखाली होत असते. उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो, कधी दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यात शिरतो आणि तेवढा वेळ त्याला शोधक बंद ठेवावे लागतात. अशा हलत्या पार्श्वभूमीवर हजारो तुकडे तपासले की एखादा तुकडा आपोआप "उठून" दिसणारच. जितक्या ठिकाणी शोधाल तितके योगायोग सापडतील.

म्हणून नियम आधी ठरवायचे: खिडकी किती, उंबरठा किती (म्हणजे संकेत किमान किती ठळक असला तर मानायचा), दिशा कशी धरायची. मग ज्या वेळी लहर आलेली नव्हती अशा हजारो वेळा निवडून तोच शोध चालवायचा. त्यात इतकाच ठळक संकेत किती वेळा सापडतो, ते मोजायचं. खोट्या सूचनेचा दर म्हणतात तो हा. निकाल पाहून खिडकी लहान-मोठी केली तर सगळ्या आकड्यांचा अर्थ संपतो. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मोह फार मोठा असतो.

२०१५च्या पहिल्या लहरीबरोबरही गॅमा किरण दिसले होते म्हणे. मग त्याचं काय झालं?

१४ सप्टेंबर २०१५ ची ती लहर दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची होती. तिच्यानंतर ०.४ सेकंदांनी फर्मीच्या विदेत सुमारे एक सेकंदाचा क्षीण उठाव दिसला. योगायोगाची शक्यता फर्मीच्या गटाने काढली ०.००२२, म्हणजे साधारण साडेचारशेत एक. हे २ कोटींत एकच्या शेजारी ठेवून पाहा. इंटिग्रल उपग्रहाला त्याच वेळी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या गटाने फर्मीचीच विदा वेगळ्या पद्धतीने तपासली, तेव्हा तो उठाव पार्श्वभूमीचाच असावा असं निघालं.

फर्मीच्या गटाने हे प्रसिद्ध केलं ते बरोबरच केलं, असं माझं मत आहे. त्यांनी आकडा लपवला नाही, दावा ताणला नाही, विदा खुली ठेवली. पुढे तशाच इतर टकरींतही असा उठाव दिसायला लागला असता, तर हीच नोंद पहिली ठरली असती. तसं झालं नाही. साडेचारशेत एक हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात भारी वाटतो. पण शेकडो लहरी तपासायच्या असतील, तर एखाद्या वेळी तो यायचाच.

"काही सापडलं नाही" असं लिहिण्यात काय अर्थ?

फार मोठा अर्थ आहे, आणि याचं उत्तम उदाहरण भारताच्याच कामातलं आहे.

४ जानेवारी २०१७ ला दोन कृष्णविवरांची लहर आली. त्यानंतर अ‍ॅटलास या दुर्बिणींनी आकाश चाळणाऱ्या सर्वेक्षणाला लहरीच्या संभाव्य क्षेत्रातच झपाट्याने मंद होत जाणारा एक प्रकाशबिंदू सापडला. जागा जुळत होती, काळही जवळपास जुळत होता. खरं असतं तर खळबळ उडाली असती. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीवरच्या सीझेडटीआय या उपकरणाने लहरीच्या क्षणी संभाव्य क्षेत्राचा निम्मा भाग पाहिला होता, आणि त्यात काही नव्हतं. मात्र दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, एक वेगळाच गॅमा स्फोट झाला होता. तो प्रकाशबिंदू या दुसऱ्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड होता, लहरीशी त्याचा संबंध नव्हता. खोडून काढलेली अशी एक जोडी पुढच्या शंभर चुकीच्या निष्कर्षांपासून वाचवते.

१७ ऑगस्ट २०१७ लाही असंच झालं. टकरीच्या वेळी ते ठिकाण अ‍ॅस्ट्रोसॅटसाठी पृथ्वीआड होतं, त्यामुळे सीझेडटीआयला काही दिसलं नाही. पण जिथे आपली नजर होती तिथे स्फोट नव्हता, हे पक्कं झालं आणि फर्मीने दिलेलं संभाव्य क्षेत्र निम्म्याहून कमी झालं.

"सापडलं नाही" हे लिहिताना आकडा मात्र द्यावा लागतो: एवढ्या तेजापर्यंत काही असतं तर आम्हाला दिसलं असतं. ही वरची मर्यादा नसेल तर ते वाक्य पोकळ राहतं.

एवढ्या टकरी होतात, मग खात्रीची जोडी एकच कशी?

पहिलं कारण झोत. गॅमा किरण सगळीकडे सारखे फाकत नाहीत. ते अरुंद झोतातून, काही अंशांच्या आत निघतात. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात ती वर्षातल्या मोजक्या संध्याकाळीच, कारण सूर्य त्या रेषेत तेव्हाच येतो. झोताचंही तसंच आहे. रेषा जुळली तर चमक दिसते, नाहीतर टकरीची लहर येते आणि गॅमा किरण दुसरीकडेच निघून जातात. २०१७च्या घटनेत आपण झोताच्या अक्षापासून सुमारे २० अंश बाजूला होतो. म्हणून तो स्फोट नेहमीच्या अल्पकालीन स्फोटांच्या मानाने अतिशय क्षीण दिसला. झोत खरोखर होता हे नंतर रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने दाखवलं. कुणाल मुळे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्या बिंदूची आकाशातली सरक मोजली.

दुसरं कारण अंतर. १३ कोटी प्रकाशवर्षं म्हणजे या विषयात अगदी शेजार. तोच स्फोट दुप्पट लांब असता तर फर्मीला तो ओळखणं कठीण गेलं असतं. २५ एप्रिल २०१९ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची दुसरी लहर आली, पण ती जवळपास ५२ कोटी प्रकाशवर्षांवरून. त्या वेळी हॅनफर्डचा शोधक बंद होता, म्हणून संभाव्य क्षेत्र ८,००० चौरस अंशांहून जास्त निघालं. हा अख्ख्या आकाशाचा पाचवा भाग झाला. त्यातला बराचसा फर्मीला पृथ्वीआड होता. सर्वांनी मान्य करावी अशी जोडी मिळाली नाही.

मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या लायगोच्या चौथ्या निरीक्षण सत्रात लहरींचा पाऊस पडला, पण तो मुख्यतः कृष्णविवरांचा. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी आधी वाटल्या होत्या त्याहून दुर्मीळ आहेत, हे आता मान्य करावं लागतं.

लांब चालणारे गॅमा स्फोट वेगळे असतात ना?

पाठ्यपुस्तकात तसंच आहे: दोन सेकंदांच्या आतले टकरीचे, त्याहून लांब ते महाकाय ताऱ्याच्या मृत्यूचे. पण ११ डिसेंबर २०२१ चा आणि ७ मार्च २०२३ चा असे दोन लांब स्फोट झाले आणि दोन्हींच्या मागे किलोनोव्हा, म्हणजे टकरीत उडालेल्या पदार्थाचा उजेड, दिसला. म्हणजे ते बहुधा टकरीचेच. दोन सेकंदांची रेघ आता ढोबळ समजायची.

हे किरण पन्हाळ्यावरून दुर्बिणीने दिसतील का?

गॅमा किरण नाही. आपल्या डोक्यावरचं वातावरण त्यांना सुमारे १० मीटर पाण्याच्या थराइतकं जाड आहे. पन्हाळा काय नि एव्हरेस्ट काय, स्फोटाचे गॅमा किरण थेट टिपायला उपग्रहच हवा. १९६७ मध्ये पहिला स्फोट टिपला तोही अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी. ते सोडले होते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला.

अतिप्रचंड ऊर्जेच्या गॅमा किरणांची गोष्ट निराळी. ते वातावरणात आदळून निळसर चेरेंकॉव्ह प्रकाश उमटवतात आणि तो जमिनीवरच्या मोठ्या आरशांनी टिपता येतो. लडाखमध्ये हानले इथे आपली २१ मीटरची मेस दुर्बीण त्यासाठी उभी आहे.

आणखी एक गोष्ट. फार तेजस्वी स्फोट वरच्या वातावरणातला आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचा थर, हलवून सोडतो. ९ ऑक्टोबर २०२२ ला आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास आलेल्या स्फोटाने तसं केलं, तेही सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षांवरून. शिवाजी विद्यापीठात वरच्या वातावरणाचा अभ्यास बरीच वर्षं चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा रडारही कोल्हापुरात आहे. त्यामुळे आयनांबर हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना अनोळखी विषय नाही. त्या दिवशी लायगो मात्र सुधारणांसाठी बंद होतं. लहर होती का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

या किरणांनी आपल्याला काही धोका?

नाही. इतक्या लांबून आलेले किरण वातावरणातच संपतात.

गुजरीतलं सोनं खरंच अशा टकरीतनं आलंय काय?

मोठा भाग तसा आला असावा. न्यूट्रॉन ताऱ्यातला पदार्थ बाहेर उडतो तेव्हा अणुकेंद्रकं झपाट्याने न्यूट्रॉन गिळत जड होत जातात. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांच्यासारखी मूलद्रव्यं अशी घडतात. हुपरीच्या कारागिरांच्या हातातल्या चांदीचाही बराच वाटा याच प्रक्रियेचा. २०१७च्या टकरीत उडालेला पदार्थ सूर्याच्या सुमारे ५ टक्के वस्तुमानाचा होता. त्याच्या किरणोत्सारी उजेडालाच किलोनोव्हा म्हणतात.

तिथे सोन्याची रेघ दिसली असं मात्र म्हणू नये. त्या वर्णपटात ओळखता आलेलं पहिलं जड मूलद्रव्य स्ट्रॉन्शियम, आणि तेही २०१९ मध्ये. अतिचुंबकी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या भडक्यांतूनही काही वाटा येतो, असं २००४च्या एका भडक्याच्या जुन्या विदेवरून अलीकडे मांडलं गेलं आहे.

भारतात हे काम कुठे चालतं?

सीझेडटीआयपासून सुरुवात करू. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर ते आहे. मुख्य बांधणी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, विदेचं काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही चालतं. ते खरं तर समोरच्या एका लहानशा भागाकडे पाहायला बनवलेलं. पण १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) वर त्याच्या भोवतीच्या भिंती किरणांना अडवेनाशा होतात आणि पृथ्वीआड नसलेलं जवळजवळ सगळं आकाश त्याला जाणवू लागतं. हा गुण ओळखून त्याचा स्फोट शोधायला वापर करणं, ही आपल्या माणसांची हुशारी. त्यांनी पाचशेहून अधिक स्फोट टिपले आहेत.

नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने २०१७च्या घटनेचा मागे उरलेला उजेड पाहिला. हानलेत ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण सूचना आली की स्वतःहून वळते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या दोन शोधकांपासून इतक्या दूर आणखी एक शोधक आला की दिशा कितीतरी पटींनी नेमकी होईल. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने दक्ष ही मोहीम प्रस्तावित आहे: पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कुठलाच भाग पृथ्वीआड राहणार नाही. मला विचाराल तर या विषयात भारताने सगळ्यात आधी पुरं करावं असं काम तेच आहे.

कोल्हापूरचा या विषयाशी काही संबंध?

जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच. त्यांनी बनारसला सापेक्षतेच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. जयंतरावांनी आयुका घडवली, आणि तिथेच संजीव धुरंधर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोंगाटात बुडालेली लहर जुळत्या साच्यांनी, म्हणजे आधी गणिताने काढलेले लहरींचे नमुने विदेशी ताडून, शोधायची पद्धत विकसित केली. लायगो प्रत्यक्ष चालू व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे २०१७ची लहर शोधताना साच्यांची हीच कल्पना कामी आली.

मी कोल्हापुरात बीएस्सीला आहे. मला यात काय करता येईल?

आजच सुरू करता येईल. लहरींची विदा गुरुत्वीय लहर मुक्त विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहे, फर्मीची नासाच्या संकेतस्थळावर. लायगोच्या नव्या सूचना ग्रेसडीबी या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यायला हवी, आणि संख्याशास्त्राची भीती जायला हवी. लॅपटॉप साधा चालतो.

पहिला प्रकल्प म्हणून १७ ऑगस्ट २०१७ चीच फर्मीची विदा घ्या. त्या दिवशीच्या १४ पैकी कमी ऊर्जा मोजणाऱ्या १२ शोधकांच्या फायली उतरवा, ५० ते ३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमधली मोजणी २५६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत मांडा. सगळ्या शोधकांत स्फोट सारखा दिसत नाही. ज्यांचं तोंड त्या दिशेला होतं त्यांत तो उठून दिसेल, बाकीच्यांत जवळपास नसेल. हा फरक का, हे समजलं की उपग्रह दिशा कशी काढतो हे आपोआप समजतं. त्यानंतर आगेमागे शंभर-शंभर सेकंद सोडून पार्श्वभूमीला वक्ररेषा बसवा आणि स्फोट तिच्या किती वर आहे ते काढा.

मग २५ एप्रिल २०१९ ची विदा घेऊन तेच करा. यात स्फोट मिळणार नाही. तेव्हा तुमच्या पद्धतीने किती तेजाचा स्फोट नक्की सापडला असता ते काढा: खोटा स्फोट विदेत मिसळा, तो हळूहळू मंद करत न्या, आणि कुठे हातचा निसटतो ते पाहा. खिडकी आणि उंबरठा वहीत तारखेसह आधी लिहून ठेवा, मगच प्रोग्राम चालवा. मार्गदर्शक प्राध्यापकांना आलेखाच्या आधी ते पान दाखवा.